खाणीतले अपघात (भाग ५) : पलीकडचं पाणी

मागच्या आठवड्यात आपण छत कोसळण्याविषयी बोललो. छत कोसळतं तेव्हा त्या जागी असलेली दोन-चार माणसं सापडतात. पाणी शिरलं तर अख्खी पाळी जाते. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला ३७५ कामगार गेले. हा सरकारी आकडा. 'काला पत्थर' या सिनेमामागची घटना ती हीच.

खाणीत शिरणारं पाणी म्हटलं की आपल्याला नदी आठवते. तसंही घडलंय. सप्टेंबर १९९५ मध्ये कतरी नदीचं पाणी गजलीटांड खाणीत घुसून ६४ जण बुडाले. पण चासनाल्याचं पाणी जुन्या, सोडून दिलेल्या कामांत साठलेलं होतं. कोळसा काढून झाला की पंप बंद होतात आणि पोकळ्या हळूहळू भरत जातात. वर रान माजतं, वस्ती होते, खाली तलाव तयार झालेला असतो. मग कधीतरी शेजारी किंवा खालच्या थरात नवं काम सुरू होतं. दोहोंच्या मध्ये न खोदता राखलेली कोळशाची भिंत असते आणि ती धरणाचं काम करते, फक्त ती कुणी धरण म्हणून बांधलेली नसते. शंभर मीटर उंचीचं पाणी अशा भिंतीच्या दर चौरस मीटरवर शंभर टन दाब देतं. ती फुटली की पळायला वेळ मिळत नाही, कारण पाणी उताराने खाली येतं आणि कामगारांना चढ चढून बाहेर पडायचं असतं.

ही भिंत किती जाड आहे हे आतल्या माणसाला दिसत नाही. ते फक्त नकाशा सांगतो. २ फेब्रुवारी २००१ ला झरियाच्या बागडिगी खाणीत २९ जण बुडाले, तेव्हा पाणी आलं होतं शेजारच्या जुन्या जयरामपूर खाणीतून. कोळसा खाणी १९७१ ते १९७३ दरम्यान सरकारजमा झाल्या. त्याआधीच्या खासगी मालकांपैकी कुणी हद्द ओलांडून कोळसा काढला असेल, तर तो स्वतःच नकाशावर कशाला दाखवेल? म्हणजे कागदावर भिंत भक्कम आणि प्रत्यक्षात पोखरलेली.

नियम करणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणूनच पाणी असण्याची शक्यता असलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, आणि गेलंच तर पुढे भोकं पाडत, चाचपडत जायचं, असं नियम सांगतो. नकाशावर विसंबू नका, हाच त्याचा अर्थ. भोकं पाडायची म्हणजे त्या तोंडावर कोळसा थांबतो आणि उत्पादनाचा आकडा घसरतो. माझ्या मते खरी गोम इथे आहे. आणि जबाबदारी ठरते तीही फार उशिरा: चासनाल्याच्या खटल्यात धनबादच्या न्यायालयाने दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं ते २०१२ मध्ये, एक वर्षाची शिक्षा देऊन.

चांगल्या नकाशाने माणसं वाचतात, हेही एकदा दिसलंय. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी भरलं. सहा जण बुडाले, पासष्ट जण आत अडकले. जमिनीवरून पाडलेलं भोक नेमकं त्यांच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यात, उतरायला हवं होतं, मधल्या कोळशाच्या खांबात गेलं असतं तर सगळी मेहनत वाया. ते बरोबर उतरलं. मग अभियंता जसवंतसिंग गिल लोखंडी कॅप्सूलमधून स्वतः खाली गेले आणि एकेक करून सगळ्यांना वर पाठवलं. या सुटकेवर निघालेल्या सिनेमात गिल यांचं धाडस पुरेपूर आलं. जागा अचूक सांगणाऱ्या सर्व्हेअरवर कोण सिनेमा काढणार!

मेघालयातल्या क्सानला १३ डिसेंबर २०१८ ला पंधरा कामगार अडकले, तेव्हा तेवढाही आधार नव्हता. ती 'रॅट होल' प्रकारची बेकायदा खाण. हरित न्यायाधिकरणाने अशा खाणकामावर २०१४ मध्येच बंदी घातली होती. विश्वासार्ह नकाशा नाही, शेजारच्या खाणी आतून कुठे जोडलेल्या तेही स्पष्ट नाही. त्यामुळे पंप लावून उपसावं, तर पाणी हटेना. जानेवारी २०२५ मध्ये आसामच्या उमरांगसोत पुन्हा तेच, नऊ जण.

पुढच्या भागात उघड्या खाणींकडे वळू. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडच्या लालमाटियात मातीचा ढिगारा कोसळून २३ जण गाडले गेले होते. तो ढिगारा का घसरला, तिथून सुरुवात करू.