उंबऱ्यापाशी पाय का खिळतात?

दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवा. मधून जाता येईल एवढी फट सोडा आणि आरपार चालत जा. मग खुर्च्या थोड्या जवळ सरकवा, पुन्हा जा. असं करत करत एक वेळ अशी येईल की तुम्ही आपसूक खांदा तिरका कराल. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

विल्यम वॉरन आणि सुझान व्हँग या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८७ साली नेमकं हेच मोजलं. माणूस आडदांड असो की किरकोळ, दार त्याच्या खांद्यांच्या साधारण १.३ पटीपेक्षा अरुंद झालं की तो अंग वळवतो. म्हणजे डोळे दार फुटांत-इंचांत मोजतच नाहीत, आपल्याच अंगाच्या मापानं मोजतात.

आता हे मोजमाप जिथं बिघडतं, त्या आजाराकडे वळू. काही आजी-आजोबांचे हात थरथरतात, हालचाल मंदावते, अक्षर बारीक बारीक होत जातं. हा कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये त्यावर निबंध लिहिला, म्हणून जगभर त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. त्या मरत गेल्या की हालचालींचा ताल चुकतो.

थरथर सगळ्यांना दिसते. दाराची गंमत (गंमत कसली, त्रासच तो!) फार कुणाला ठाऊक नसते. दार चांगलं ऐसपैस असतं, आजोबा आरामात मावतील एवढं. तरी उंबऱ्याजवळ येताच त्यांची पावलं तोकडी होत जातात आणि पाय जमिनीला खिळतात. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत माणसांमधल्या चिंचोळ्या वाटेतही तेच होऊ शकतं. काही संशोधक म्हणतात, मेंदूला दार आहे त्याहून अरुंद वाटतं. काही म्हणतात, दिसतं ठीकच, पण पाऊल आखताना गोंधळ उडतो. मला विचाराल तर दोन्हींत तथ्य असावं. नजरेचं मापही चुकत असावं, कारण ज्यांचा आजार डाव्या अंगाकडून सुरू होतो, त्यांच्यातल्या काहींना साध्या रेघेचा बरोबर मध्य दाखवतानाही चुकायला होतं.

पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर ताईच्या काकांना हाच आजार होता. सपाट जमिनीवर त्यांना वॉकर लागायचा, पण जिना? झपाझप! ताईनं डोकं चालवलं. जिन्याचं चित्र काढून ते सपाट जमिनीवर अंथरलं, आणि काका वॉकरशिवाय त्यावरून चालत गेले. चित्र संपलं तिथं पाय पुन्हा अडले. २०१५ च्या आसपास तिनं एका भाषणात ही गोष्ट जगाला सांगितली.

पर्डन मार्टिन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी तर १९६० च्या दशकातच दाखवलं होतं की चालण्याच्या दिशेला आडव्या, पावला-पावलावर मारलेल्या रेघा अशा रुग्णांना चालतं करतात. उभ्या रेघांचा मात्र उपयोग होत नाही. रेघ दिसली की मेंदू बिघडलेली वाट सोडून डोळ्यांच्या आधारानं पाऊल आखतो, असं मानतात.

म्हणून मला आपल्या सोलापूरच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी आवडते. इथून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या शहाबादहून आलेला तो दगड, आणि दोन फरशांमधले ते ठळक सांधे! कुणा आजोबांना त्यांचाही आधार मिळत असेल. नव्या चकचकीत टाइल्सवर सांधे शोधावे लागतात.

याहून मोठं कोडं नेदरलँड्समधल्या एका रुग्णानं घातलं. दोन पावलं टाकणं मुश्कील, पण सायकल मस्त चालवायचा! २०१० साली डॉक्टरांनी ते छापून आणलं. उतरला की पाय परत खिळलेलेच.

तुमच्या घरचे आजोबा उंबऱ्यात अडले तर "चला की लवकर!" म्हणत हात ओढू नका, तोल जातो. शेजारी थांबा. आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवा आणि म्हणा, "आजोबा, हे ओलांडा बघू." फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवायचा बेत असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि सोलापुरी चादर अंथरून प्रयोग करायचा नाही हं, तिच्यात पाय अडकतो.