पीएच.डी.चे वेळापत्रक आणि ऊसतोडीचा हंगाम

कॉलेज सोडून बरीच वर्षे झाली, तरी आपल्या ग्रंथालयात मी अजून येऊन बसते. तिथे तृतीय वर्षाची मुले मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘ताई, मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजायच्या ना?’ आणि दुसरा, ‘पीएच.डी.ला किती वर्षे लागतात?’ पहिला प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनला लिहिलेला प्रबंध मानवी कवटीवरच होता; नातेव्यवस्था आणि महाभारत हे त्यांचे पुढचे विषय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला वेळेवर ठाऊक नव्हते आणि त्यापायी माझे एक वर्ष गेले. म्हणून हा लेख.

नियमांचे उत्तर सोपे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे कमीत कमी ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २, आणि स्त्रियांना त्याहूनही २ वर्षांची सवलत. २०२४ पासून प्रवेशासाठी ‘नेट’चे गुण धरले जाऊ लागले. त्यात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पाच वर्षे पोटापाण्याची काळजी मिटते. मार्गदर्शक मिळवणे हा वेगळाच अध्याय. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे जायचे त्यांचे जन्मसाल आधी हळूच काढून ठेवावे. यात उद्धटपणा काही नाही.

हे सारे कोणत्याही विषयाला लागू आहे. मानवशास्त्राची खरी अडचण पुढे सुरू होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे दप्तरखाने वर्षभर जागच्या जागी असतात. आमचे दप्तर म्हणजे माणसे, आणि ती आपल्या कामाने हिंडत असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की ट्रोब्रियांड बेटांवर लोकांमध्ये राहिला, त्यांची भाषा शिकला. तेव्हापासून निदान वर्षभर, म्हणजे ऋतूंचा एक पूर्ण फेरा, लोकांत राहावे असा आमच्याकडे दंडक पडला आहे. हा फेरा कोठून सुरू करायचा, हे मात्र कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

माझा विषय बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे कुटुंबजीवन. गावाचे नाव लिहीत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे आकडे लोकांनी मला विश्वासाने सांगितले आहेत. कोर्सवर्क ऑक्टोबरात संपत होते, म्हणून मी आराखड्यात ऐटीत लिहिले : ‘क्षेत्रकार्य, नोव्हेंबर ते ऑक्टोबर.’ समितीनेही ते मान्य केले. दिवाळी आटोपून मी बॅग घेऊन गावात उतरले, तो घरांना कुलपे! ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘आत्ता आलीस व्हय गं? मान्सं तर गेली कारखान्याला. पाडव्याच्या पुढं ये.’

कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते, हे मला काय ठाऊक नव्हते? पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण माझ्या तक्त्यात विद्यापीठाचे सत्र होते, लोकांचा हंगाम नव्हता. मी टोळीच्या मागोमाग उसाच्या फडावर गेले. तिथे मुकादमाने विचारले, ‘तुम्ही कोणाकडून आलात?’ गावात कोणी ओळखत नसलेल्या बाईला फडावर कोण ओळखणार? दोन दिवसांत परत फिरले.

पाडव्यानंतर पुन्हा गेले. पावसाळ्यात उचलीचे व्यवहार ठरताना घराघरांत बसले, आणि पुढच्या हंगामाला त्याच माणसांबरोबर निघाले. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हा शब्द तोवर मी कितीदा तरी लिहिला होता. पहाटे चारच्या थंडीत पाचटाच्या कोपीतून बाहेर पडताना तो पहिल्यांदा कळला.

पण खरी चूक ती नव्हे. त्या पहिल्या हिवाळ्यात गाव ‘रिकामे’ आहे असे समजून मी निघून आले, ती चूक मोठी. गाव रिकामे नव्हतेच. म्हाताऱ्या माणसांवर सोपवलेली शाळेतली पोरे तिथे होती. मी ज्याला कुटुंबजीवन म्हणत होते त्याचा अर्धा भाग ओट्यावर शेंगा फोडत होता. हे ध्यानात आले लिहायला बसल्यावर, आणि त्यासाठी तिसऱ्या हिवाळ्यात पुन्हा जावे लागले. शिष्यवृत्तीचे एक वर्ष गेले ते असे.

आज कोणी विचारले तर मी सांगते, तक्ता उलटा मांडा. आधी लोकांचे वर्ष लिहा : पेरणी कधी, जत्रा कधी, माणसे घरी कधी आणि बाहेर कधी. त्यात आपला फेरा बसवा आणि मग मागे येत कोर्सवर्क व आराखडा. आराखडा देण्यापूर्वी, अगदी सुटीत का होईना, एकदा तिथे जाऊन या. क्षेत्रात जितके महिने घालवाल तितके, किंबहुना जास्तच, लिहिण्यासाठी ठेवा. टिपणे त्याच रात्री पुरी करावीत, कितीही झोप आली तरी. आणि त्यांच्या प्रती निरनिराळ्या जागी ठेवाव्यात. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरा या गावी १९४८ साली क्षेत्रकार्य केले. त्या टिपणांवरून सिद्ध केलेल्या साहित्याच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या. मग मुख्यतः आठवणीवर विसंबून त्यांनी पुस्तक लिहिले, ते १९७६ ला निघाले. ते श्रीनिवास होते. आपल्याला कालच्या जेवणाची भाजी आठवत नाही.

माझे हे पाचवे वर्ष. दोन प्रकरणे उरली आहेत. त्यातले रिकाम्या गावाचे प्रकरण छापायला देण्यापूर्वी आजींना वाचून दाखवायचे कबूल केले आहे. पाडव्यापर्यंत त्यांना सवड असते. पुढे घर भरते.