परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरात काय?

युरोपातील विद्यापीठांच्या गावांमध्ये वर्षातून दोनदा, फेब्रुवारीच्या आगेमागे आणि जून-जुलैत, एक विशिष्ट धांदल दृष्टीस पडते. ग्रोनिंगनमध्ये काही महिन्यांपूर्वी कोणाकडून तरी घेतलेली जुनी सायकल आणखी कोणाला तरी विकली जाते. वसतिगृहाच्या खोलीची तपासणी होते, किल्ली परत केली जाते आणि अनामत रक्कम केव्हा मिळेल याची चौकशी सुरू होते. गाव जर्मनीतले असेल, तर आपण ते सोडून चाललो आहोत अशी नोंद नगर कार्यालयात करावी लागते. विमानात ठरावीक वजनापलीकडे सामान नेता येत नाही. त्यामुळे भांडीकुंडी आणि जाडजूड कोट पुढच्या भाडेकरूच्या वाट्याला येतात. परदेशातील एक सत्र पुरे करून मायदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांची ही लगबग असते. या गडबडीतही एक कागद मात्र त्यांनी जिवापाड जपलेला असतो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा विद्यार्थी येथे शिकत होता, असे यजमान विद्यापीठाच्या सहीशिक्क्याचे ते पत्र होय. त्यावाचून शिष्यवृत्तीचा अखेरचा हप्ता पुष्कळ ठिकाणी अडून राहतो.

विद्यार्थी-विनिमयाविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, ते बहुतेक जाण्याविषयी असते. निवड, निरोप, परकी भाषा, परके अन्न यांची वर्णने भरपूर होतात. परतण्याची कथा सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः युरोपातील ‘इरॅस्मस’ ही आज सर्वांत मोठी मानली जाणारी विनिमय योजना जन्मली ती एका विद्यार्थिनीच्या जाण्यातून नव्हे, तर परतण्यातून.

सोफिया कोर्रादी ही इटालियन विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तेथे कायद्याची पदव्युत्तर पदवी मिळवून 1958 च्या सुमारास रोमला परतली. रोमच्या विद्यापीठातील तिचा मूळ अभ्यासक्रम अद्याप पुरा व्हावयाचा होता. कोलंबियात केलेला अभ्यास त्यात धरला जावा, एवढीच तिची विनंती होती. विद्यापीठाच्या कचेरीने ती फेटाळली, आणि तीही सर्वांदेखत, हिणकस शब्दांत. परदेशी हिंडून आलेली मुलगी आता हिंडण्याचे गुण मागते आहे, असा एकूण नूर होता. त्या कचेरीतील अधिकाऱ्याला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते सर्वस्वी न्याय्य होणार नाही. त्याच्या उद्धटपणाचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु नकार देण्यावाचून त्याच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता. परक्या विद्यापीठातील अभ्यास कोणत्या मापाने मोजावा याचा नियमच त्याच्या टेबलावर नव्हता, आणि नियमावाचून दिलेली सवलत कचेरीत केव्हा अंगाशी येईल हे कोणताही कारकून सांगू शकेल.

कोलंबियातून परतणाऱ्याच्या वाट्याला मायदेशी काय येऊ शकते, याची एक कथा महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली त्याच विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे लंडनमार्गे 1917 साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी म्हणून नाव नोंदवून ज्या खानावळीत त्यांनी आसरा घेतला, तेथूनही अकरा दिवसांत त्यांना बाहेर काढण्यात आले. त्या क्रौर्यापुढे कोर्रादीचा अपमान किरकोळच म्हणावा लागेल, आणि दोहोंची कारणेही अगदी निराळी. परंतु जगाने ज्याची विद्या मान्य केली त्याला स्वतःच्याच दाराशी अडविले जाते, एवढा धागा दोन्हींत आहे.

कोर्रादींनी त्या नकाराचे एका दीर्घ उद्योगात रूपांतर केले. इटलीतील कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार या नात्याने 1969 साली त्यांनी एक टिपण सादर केले. विद्यार्थ्याने परदेशात काय शिकावे हे आधी मान्य करून घ्यावे आणि परतल्यावर ते मायदेशी मोजले जावे, हा त्याचा गाभा होता. 1976 साली युरोपीय समुदायाने विद्यापीठांमधील संयुक्त अभ्यासक्रमांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला आणि 1987 च्या जूनमध्ये इरॅस्मस योजना मंजूर झाली. टिपणापासून मंजुरीपर्यंत अठरा वर्षे गेली. पहिल्या वर्षी 11 देशांतील 3,244 विद्यार्थी गेले. योजनेला तीस वर्षे झाली तेव्हा, 2017 साली, तिचा व तिच्या भावंड-योजनांचा लाभ घेतलेल्यांची संख्या सुमारे 90 लाख सांगितली गेली. यात शिक्षक आणि उमेदवार कारागीरही आले. ‘इरॅस्मस’ हे योजनेच्या लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप आहे खरे. पण पॅरिस, लूव्हेन, केंब्रिज, तुरीन, बाझेल अशी भ्रमंती केलेल्या रॉटरडॅमच्या त्या विद्वानाचे नाव निघावे म्हणून ते लांबलचक नाव कसे जुळविले असेल, याची कल्पना करता येते.

या योजनेचे खरे यश पैशात शोधू नये. मिळणारी शिष्यवृत्ती राहण्याखाण्याचा सगळा खर्च भागवीत नाही, आणि त्यामुळे सुखवस्तू घरांतील मुलेच अधिक जातात ही तक्रार जुनी आहे व रास्तही आहे. यश आहे ते मापात. 1989 पासून श्रेयांकांची एक पद्धती प्रथम पाच विषयांपुरती अजमावून पाहिली गेली. पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला 60 श्रेयांक, सत्राला 30, आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे साधारण 25 ते 30 तासांचे काम. या तासांत वर्गातील व्याख्याने आली, तसेच ग्रंथालयात व घरी केलेले वाचनही आले. मोजावयाचे ते शिक्षकाने किती शिकविले हे नसून विद्यार्थ्याने किती श्रम केले हे, असा हा बदल होता. तो वाटतो तितका लहान नाही.

श्रेयांकांचे जमले, पण गुणांचे गाडे अडले. फ्रान्समध्ये वीसपैकी गुण देतात आणि चौदा मिळाले तर विद्यार्थी खूष असतो. त्याचे सरळ सत्तर टक्के केले तर त्याच्यावर अन्याय होतो. इटलीत तीसपैकी गुण असतात आणि अठराला उत्तीर्ण समजतात. जर्मनीत तर 1 हा सर्वोत्तम आणि 5 म्हणजे नापास. ती गुणपत्रिका हाती पडताच इटलीतील एखाद्या वडिलांच्या काळजाचा ठोका चुकावा. या सगळ्यांसाठी अ, ब, क अशा समान श्रेणी करून पाहण्यात आल्या. वर्गातील उत्तीर्णांपैकी पहिल्या दहा टक्क्यांना ‘अ’, पुढच्या पंचवीस टक्क्यांना ‘ब’, असा तो हिशेब होता. 2009 साली तो सोडून देण्यात आला. त्याऐवजी कोणता गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळतो याचा तक्ताच विद्यापीठांनी द्यावा आणि मायदेशातील प्राध्यापकाने तो पाहून तारतम्य वापरावे, असे ठरले. सूत्र हरले आणि तारतम्याला बोलावणे आले, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोणत्याच तक्त्यात न बसणारा भाग अर्थात उरतोच. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियनांचा अभ्यास स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 साली प्रसिद्ध केला. प्रथम उत्साह, मग खिन्नता, मग रुळणे, असा क्रम त्यांना दिसला. जॉन व जीन गुलाहॉर्न या दांपत्याने 1963 साली दाखविले की, हाच क्रम घरी परतल्यावर पुन्हा एकदा घडतो. दुसऱ्या वेळची खिन्नता अनपेक्षित असते, कारण घर परके वाटेल अशी कोणाची तयारी नसते. परतलेल्याला सारे विचारतात, ‘कसे काय होते?’, आणि दोन वाक्यांनंतर विषय बदलतात. सहा महिने ज्या भाषेत भांडला, हसला, भाजी घेतली, ती भाषा बोलण्याचे त्याला आता काही कारण उरत नाही.

2020 च्या मार्चमध्ये तर हजारो विद्यार्थ्यांना सत्र अर्धवट टाकून, निरोपही न घेता, मिळेल त्या विमानाने घर गाठावे लागले. पुष्कळांनी उरलेले सत्र स्वतःच्या लहानपणीच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर पुरे केले. त्यांचे श्रेयांक बहुतांशी सुरक्षित राहिले, कारण त्यांचे माप आधीच ठरलेले होते. बाकीचे काय झाले, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

आपल्याकडे पुण्याहून मुंबईला विद्यापीठ बदलावयाचे झाले, तरी पात्रता प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र यांच्या मागे खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात, हे घरोघरी ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे विनियम केले आणि 2022 साली परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त व जुळ्या पदव्यांची वाट मोकळी केली. कागदावर हे स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो खिडकीवरचा. परदेशातून एक सत्र करून आलेल्या विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवर ज्या विषयाचे नाव असेल, ते आपल्या अभ्यासक्रमात जसेच्या तसे सापडणार नाही. नाव जुळत नाही म्हणून पेपर पुन्हा द्यावयास सांगणे ही सर्वांत सुरक्षित सूचना असते आणि तीच दिली जाण्याचा संभव अधिक. त्यात दोष एकट्या कारकुनाचा नसेल. विषयाचे नाव न पाहता विद्यार्थी काय शिकला ते पाहावे, असा लेखी आदेश त्याच्या हाती असावयास हवा, आणि तो त्याने विद्यार्थ्यासमोर ठेवावयास हवा.

इरॅस्मसच्या अभ्यास-करारपत्रावर तीन सह्या लागतात. एक विद्यार्थ्याची, दुसरी यजमान विद्यापीठाची. तिसरी मायदेशातील विद्यापीठाची असते, आणि ती विद्यार्थी घरून निघण्यापूर्वीच झालेली असावी, अशी अपेक्षा आहे.