सुट्टीत मुलांना लिंब आणि मिरज दाखवा

सुट्टी लागली की पोरांना महाबळेश्वर ठरलेलं. यंदा दोन दिवस वेगळे काढा.

एक दिवस साताऱ्याजवळच्या लिंब गावात. शाहू महाराजांच्या काळातली, १७१९ ते १७२४ दरम्यानची बारा मोटेची विहीर तिथे आहे. मोटेच्या जागा मुलांनाच मोजू द्या. नाव बाराचं, भरतात पंधरा!

दुसरा दिवस सांगली जिल्ह्यातल्या मिरजेचा. सतारमेकर गल्लीत भोपळ्याची सतार होताना बघता येते. हे काम सुरू करणारे फरीदसाहेब शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घरातले. शस्त्रांची मागणी आटली तसे ते हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नवी पोरं शिकायला येत नाहीत, असं कारागीर सांगतात. तुमच्या मुलाला प्रश्न पडले तर विचारू द्या, फक्त कारागिराची परवानगी आधी घ्या.

मग मीरासाहेबांचा दर्गा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, त्यांची कबर इथेच. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. हे मुलांना मुद्दाम सांगा, मोबाईलवर ते सहसा येत नाही. उरुस नसला तरी दर्ग्यात जाता येतं.