तार अडते कुठे?

गिटार सुरातून उतरली की सगळ्यांचा पहिला संशय चाव्यांवर. धर्मापुरी, अंबाजोगाई, परळी या आमच्या टापूत ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन येतात ती निदान ठरवूनच: "काका, चाव्या गेल्यात, नव्या टाकाव्या लागतील बघा." मी चावीला हात लावत नाही. तिसरी तार सुरात आहे ना एवढं बघतो, ती जोरात ओढून मींड घेतो आणि सोडतो. तार उतरलेली असते. मग नट आणि चावी यांच्या मधल्या तुकड्यावर बोटानं दाबतो, आणि तार पुन्हा वर चढते. चावी सैल असती तर असं झालं नसतं. तार अडकते ती नटच्या खाचेत.

इतिहास थोडक्यात उरकतो. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार आली, 1952 मध्ये गिब्सनची लेस पॉल, 1954 मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त गिटारी शेवटच्या दोघींच्याच लेकी आहेत, आणि त्यांनी आयांची दुखणीही उचलली आहेत.

तर नट. गळ्याच्या टोकाची हाडाची किंवा प्लास्टिकची ती आडवी पट्टी, आणि तिच्यात सहा खाचा. मींड घेतली की तारेवरचा ताण वाढतो आणि चावीकडची थोडी तार खाचेतून घोडीकडे सरकते. मींड सोडली की तेवढी तार परत जायला हवी. खाच अरुंद असेल तर ती जात नाही. वाजणाऱ्या भागात तार जास्त उरते आणि सूर उतरतो. व्हायब्रेटोचा दांडा खाली दाबून सोडल्यावर उलटं घडतं: ताण कमी होताच तार चावीकडे ओढली जाते, तिथंच अडते आणि सूर चढलेला राहतो. चढला की उतरला, एवढ्यावरून दोष कुठला ते कळतं. चावी पिळताना 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून पुढं गेला, तर आणखी पुरावा नको.

लेस पॉलच्या घराण्यात तिसरी तार जास्त छळते, कारण तिथं चाव्या तीन-तीन दोन्ही बाजूंना असतात. मधल्या तारा नटमधून निघताच बाहेरच्या अंगाला वळतात आणि खाचेची कड घासतात. त्यात डोकं मागं कललेलं, म्हणजे दाबही जास्त. फेंडरनं सहाही चाव्या एका ओळीत ठेवल्या, म्हणून तिथं तारा जवळजवळ सरळ जातात. आणखी एक कारण पोरांच्या लक्षात येत नाही. दुकानातून येताना गिटारीला 9 नंबरचा संच असतो, ही हौसेनं 11 चा चढवतात, आणि जाड तार बारीक खाचेत फसते.

खाच मोकळी करायच्या कानशी महाग मिळतात. मी गॅस वेल्डिंगवाल्यांचा नोझल साफ करायचा तारांचा जुडगा वापरतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि त्यात बारीक खरखरीत तारा चढत्या जाडीच्या असतात. गिटारीच्या तारेपेक्षा किंचितच जाड तार निवडायची, खाच कडेनं मोकळी करायची, पण तळ मुळीच खोल करायचा नाही. तळ खाली गेला की मोकळी तार पहिल्या पडद्यावर खरखरते आणि नटच बदलावा लागतो. खाचेचा उतार चावीच्या दिशेनं हवा, पण शेवटचा टेकू पडद्यांच्या बाजूच्या कडेवरच. शेवटी शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवायचं. ग्राफाइट हे उत्तम कोरडं वंगण आहे.

या वेडापायी मी मिरजेलाही गेलो. एके काळी लातूर ते मिरज बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी होती, त्यामुळे आमच्या भागाला मिरज कधी परकी वाटली नाही. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून ही कला एकोणिसाव्या शतकात उभी राहिली, आणि फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. तंबोऱ्याच्या लाकडी खुंटीला दातेरी चाक नसतं. केवळ घर्षणावर ती ताण धरते. म्हणून खुंटीनं सूर जवळपास आणायचा आणि उरलेलं काम घोडीपलीकडच्या मण्यानं करायचं. मणी किंचित सरकवला की सूर केसाएवढा हलतो. पुढं 1970 च्या दशकाअखेर अमेरिकेत फ्लॉइड रोझनं नटवरच तारा आवळून टाकल्या आणि नंतर घोडीवर बारीक स्क्रू दिले. अडचण तीच, उपाय त्याच जागी! मला हे फार मोलाचं वाटतं, आणि गिटार शिकवणाऱ्या प्रत्येकानं विद्यार्थ्याला एकदा तंबोरा लावायला बसवावं, असं माझं मत आहे.

आता चाव्या. त्यांचा दोष क्वचित असतो. पातळ तारेला तीन-चार वेढे पुरे, एकमेकांवर न चढता खाली उतरणारे. नवी तार हातानं हलकेच ताणून पुन्हा सुरात आणायची, ती स्थिर होईपर्यंत. आणि सूर नेहमी खालून वर आणायचा, म्हणजे दात्यांमधली ढील निघून जाते.

आमच्याकडचा उन्हाळाही हिशेबात धरावा. पारा 40 च्या वर, गाडीच्या डिकीत गिटार, संध्याकाळी केदारेश्वराच्या गावात, म्हणजे धर्मापुरीत, कार्यक्रम. पोलादी तार तापली की पसरते आणि सूर उतरतो. मंडपात गिटार अर्धा तास उघडी ठेवून मगच लावावी.

एवढं करूनही काहीजण म्हणतात, तिसरी तार बेसूर. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय त्याला गिटारीचा गांधार चढा लागणारच, कारण समान अंतराच्या सप्तकात तो नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट वर असतो. हार्मोनियमचंही तेच, 1940 मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, त्यात या स्वरांबद्दलची तक्रार होती. ई मेजरमधला तिसऱ्या तारेवरचा गांधार गोड लागावा म्हणून ती तार जरा उतरवली की सी मेजरमध्ये तिचाच पंचम पडतो, आणि पोरगं पुन्हा चावी पिळायला लागतं. त्याला मी ट्यूनरवर सहाही तारा मोकळ्या लावून घ्यायला सांगतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिसरीला हात लावू देत नाही.