गोठ्यातील माशी आणि तिचा वैरी

मृगाच्या सरी पडू लागल्या, की गोठ्यांतून माश्यांचा सुळसुळाट होतो. जनावरे माश्या वारून दमतात, धारेच्या वेळी पाय झाडतात आणि दूध घटते. मग पशुपालक फवाऱ्याचा पंप हाती घेतो. विषाला सरावलेल्या माश्या त्यातून तगतात. पण त्यांचा निसर्गदत्त वैरी, जो त्याच उकिरड्यात वावरत असतो, तो मात्र बळी पडतो.

हा वैरी म्हणजे अवघी २ ते ३ मिलिमीटर लांबीची काळी गांधीलमाशी. नावाने दचकण्याचे कारण नाही. ती माणसाला वा जनावराला डंख करीत नाही. माशीची अळी ओल्या शेणात पोसते आणि पूर्ण वाढ होताच कोरड्या कडेला सरकून तपकिरी कोशात स्वतःला बंद करून घेते. ‘स्पॅलँजिया’ या गांधीलमाशीची मादी शेणात शिरून असे कोश हुडकते आणि कवच भेदून आत अंडे घालते. तिची अळी आतील माशीला खाऊन टाकते व काही आठवड्यांनी कोशातून माशीऐवजी गांधीलमाशीच बाहेर पडते. ऊस बागायतदारांना परिचित असलेली ट्रायकोग्रामा किडीच्या अंड्यांवर धाड घालते, ही कोशावर, तत्त्व एकच.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात स्पॅलँजिया सोडून घरमाश्यांना आळा घातल्याचा प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. मात्र उन्हाळ्यात माशीची पिढी साधारणतः दहा-बारा दिवसांत पुरी होते, गांधीलमाशीला त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे ती पुनःपुन्हा सोडावी लागते. शिवाय ओले शेण साचू दिले, तर हजारोंनी सोडूनही पदरी काही पडत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

आपल्या गोठ्यात हा मित्र आहे काय, हे शाळेतील मुलेही पाहू शकतील. उकिरड्याच्या कडेचे शे-पन्नास कोश बरणीत घालून तोंडाला दाट विणीचे कापड बांधावे आणि महिनाभर सावलीत ठेवावे. माशी निघालेल्या कोशाचे टोक टोपणासारखे उघडलेले असते; गांधीलमाशी निघालेल्या कोशाला लहानसे गोल भोक दिसते. अशी भोके आढळल्यास शेणावर विषारी औषध मुळीच फवारू नये. फवारणे भागच असेल, तर माश्या रात्री बसतात त्या भिंती व आढी यांपुरतेच, आणि दुभती जनावरे बाहेर बांधून, फवारावे.