चंपाषष्ठीच्या भरताचे वांगे

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस ज्या घरी मल्हारी मार्तंडाचे घट बसतात, त्या घरी सहाव्या दिवशी, म्हणजे चंपाषष्ठीस, वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य होतो. मणी आणि मल्ल या दैत्यांचा पराभव करून मार्तंडभैरवाने ऋषींना अभय दिले, त्या विजयाचा हा दिवस. चातुर्मास कार्तिकी एकादशीस संपतो हे खरे. परंतु खंडोबा ज्यांचे कुलदैवत, अशा पुष्कळ घरांत आषाढीपासून वर्ज्य केलेली वांगी चंपाषष्ठीपर्यंत चुलीजवळ येत नाहीत.

गृहिणीची खरी कसोटी येथेच लागते. देवापुढे ठेवण्यापूर्वी नैवेद्य चाखावयाचा नाही. रोजच्या भाजीचे मीठ जिभेवर पाहता येते; हे भरीत मात्र कडू निघाले तर ते पंगत बसल्यावरच कळावयाचे. तेव्हा जी काही पारख करावयाची, ती बाजारात, हाताने आणि डोळ्यांनी.

भरताचे वांगे आकाराने मोठे, पण हाताला हलके लागावे. जड वांग्यात बी भरलेले असण्याचा संभव अधिक, आणि जून बी म्हणजे कडवटपणा. साल तुकतुकीत, देठ हिरवा व ताजा हवा. अंगठ्याने किंचित दाबले असता खळगा चटकन भरून यावा. जळगावकडील फिकट हिरवी, पांढऱ्या रेषांची वांगी यासाठी नावाजलेली आहेत. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ती सर्वत्र मिळत नाहीत, आणि त्यांच्यावाचून अडतही नाही. जांभळे वांगेही उत्तम चालते.

अळीविषयी मात्र एक गैरसमज सार्वत्रिक आहे. भोक नाही म्हणजे वांगे निर्दोष, असे आपण धरून चालतो. वस्तुतः अळी अगदी लहान असताना फळात शिरते आणि तिची ती वाट विष्ठेने बुजून जाते. आपणांस दिसते ते मोठे छिद्र बहुधा ती बाहेर पडल्याचे असते. म्हणून वांगे अखंड भाजावयाचे असले, तरी आधी देठाकडील भाग शाबूत ठेवून त्यास उभ्या दोन चिरा द्याव्यात व आत नीट निरखून पाहावे. देवाच्या नैवेद्यासाठी एखादा जीव विस्तवात जाऊ नये, हे कोणाही भाविकास पटेल. चिरा दिल्याने वांगे भाजताना फुटतही नाही. एक वांगे जास्तीचे आणलेले बरे.

मग तेलाचा हात फिरवून ते विस्तवावर ठेवावे. खानदेशात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात. तो धुरकट वास गॅसवर यावयाचा नाही. तरीही जाळी ठेवून, मंद आचेवर, वारंवार फिरवीत भाजल्यास गॅसवरही भरीत चांगले होते. घाई तेवढी करू नये. साल सर्वांगाने काळी पडून सुटू लागली आणि देठाजवळ सुरी लोण्यात जावी तशी गेली, म्हणजे झाले. देठाजवळचा भागच शेवटी शिजतो. नंतर ताट झाकून पाच-दहा मिनिटे ठेवावे व साल काढावी. नळाखाली धुऊन साल काढण्याची युक्ती सोपी खरी, पण तिने सारी चव वाहून जाते.

अर्धा किलो वांग्यास चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ पुरते. चाखणे नसल्याने हे माप आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे. ठेचलेल्या वांग्यात पातीचा कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि वरून शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी. नैवेद्यास टोमॅटो कशाला, असे आम्हांस वाटते. ज्याच्या त्याच्या घरची रीत.

भरीत, रोडगा किंवा बाजरीची भाकरी आणि ठोंबरा असे ताट देवापुढे ठेवावे. पानसुपारी, खोबरे व भंडार घातलेले ताम्हन ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या घोषात उचलून तळी भरावी, भंडार कपाळी लावावा. पंगत वाढण्यापूर्वी खंडोबाच्या श्वानाचा घास दाराबाहेर नेऊन ठेवावा.